मेव्हिसने लॉर्डसाहेबांना रांगेत उभं केलं

मेव्हिस औथवेटच्या डोक्याला हात लावायचा तर आधी तिच्या तोंडाला तोंड द्यावं लागायचं. मी गावातली केस कापणारी. थॉर्नगिलमधल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत. गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसवलं की बायका बोलायला लागतात. कुणी नवऱ्याबद्दल बोलतं, कुणी सुनेबद्दल, बऱ्याच जणी गुडघ्यांबद्दल. मेव्हिस मात्र कित्येक वर्षं एकाच माणसाबद्दल बोलत आली, हॉलवरच्या, म्हणजे गावाच्या मोठ्या वाड्यावरच्या, लॉर्डसाहेबांबद्दल. आणि ती रडगाणं गात नसे. ती बेत सांगायची.

बाई हाडापेराने दणकट. तरुणपणी हॉलच्या धुणीघरात चादरी पिळून पिळून हात लाल झाले होते ते शेवटपर्यंत तसेच राहिले. आवाज असा की बसथांब्यावर बोलली तर चर्चमध्ये ऐकू यावं. रागावली की मात्र आवाज खाली यायचा, आणि मग समोरच्याने सांभाळून राहावं. तिचा नवरा सायलस नेमका उलटा. आठवड्याभरात जेवढे शब्द लागतील तेवढे सोमवारीच मोजून घेतले असावेत असा माणूस. हॉलच्या बागेचा तो मुख्य माळी होता.

हॉलवर नोकरांना स्वतःचं नाव नसे. वाढपी कुणीही असो, तो जेम्स. मोटार चालवणारा आल्बर्ट. आणि मुख्य माळी थॉमस. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी थॉमस नावाचा माळी होऊन गेला, त्याचं नाव त्या घराच्या तोंडात बसलं. पुढे माळी बदलले, पण नवीन माणसाचं नवीन नाव शिकायचे कष्ट कोण घेणार? म्हणून सायलस कामाला लागला त्या दिवशी थॉमस झाला, आणि लग्न झालं त्या दिवशी मेव्हिस मिसेस थॉमस झाली. तिने आल्याआल्याच भांडण काढलं होतं. सायलस म्हणाला, "घरी तू सायलसच म्हणतेस ना, मेव्ह? मग झालं तर." त्याच्यापुरतं झालं. तिच्यापुरतं नाही.

नाताळात हॉलच्या मागच्या दाराशी रांग लागायची. पुढचं दार आमच्यासारख्यांसाठी कधी नव्हतंच. ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे उभं राहायचं, बाईसाहेब एकेकाचं नाव घ्यायच्या आणि बिस्किटांचा डबा हातात द्यायच्या. डब्यावर चिठ्ठी असे, 'थॉमस आणि मिसेस थॉमस यांस'. मेव्हिसने ती बिस्किटं आयुष्यात खाल्ली नाहीत. ती कोंबड्यांना घालायची, आणि कोंबड्यांना सांगायची की ही मिसेस थॉमसकडून.

बाग मात्र सायलसची होती, कुणी काही म्हणो. दक्षिणेकडच्या उंच विटांच्या भिंतीवर त्याने नाशपातीची झाडं अशी चढवली होती की फांद्या दोन्ही बाजूंना सरळ ओळींत पसरलेल्या. एकेक फांदी वळवायला वर्ष जातं. थंडीत बोटं फुटायची त्याची. मग एक दिवस टीव्हीवाले आले. कार्यक्रमात लॉर्डसाहेब, म्हणजे एव्हरार्ड लॅस्कम, सातवे बॅरन थॉर्नगिल, भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "ही झाडं अशी वळवायला मला वीस वर्षं लागली." मागून एक माणूस हातगाडी ढकलत गेला. तो सायलस. कार्यक्रम गाजला, दुसरा झाला, तिसरा झाला, आणि लॉर्डसाहेब देशभर माळी लॉर्ड म्हणून मिरवायला लागले. आम्ही गावात टीव्हीपुढे बसून दातओठ खायचो. सायलस तेव्हा टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत असायचा.

त्याच टोमॅटोंच्या काचघरात तो गेला. सकाळी गेला तो चहाला आलाच नाही, म्हणून मेव्हिस बघायला गेली. चर्च भरलं होतं. पाद्रीबाबांनी सायलस औथवेट असं नाव घेऊन प्रार्थना म्हटली, पेटीवर तेच नाव कोरलेलं होतं, आणि त्या पेटीशेजारी उभं राहून लॉर्डसाहेबांनी भाषण केलं. "आमचा थॉमस," ते म्हणाले. "थॉमससारखा माणूस पुन्हा होणे नाही." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मेव्हिस समोरच बसली होती. तिने मान खाली घातली नाही, डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. पुढे महिनाभरात बागेत एक बाकडं ठेवलं गेलं. त्यावर पितळी पाटी होती, 'थॉमस, एक निष्ठावान माळी'. आणि त्याच सुमारास कारभारी येऊन सांगून गेला की हॉलने माळ्याला दिलेलं घर रिकामं करावं, नवा थॉमस येतोय.

ते आठवलं की आजही माझ्या हातातली कात्री थांबते. मेव्हिसला कौन्सिलने गावाच्या टोकाला एक बुटकं घर दिलं. सामान लावून झाल्यावर तिने मला बोलावलं, केस धुवायला सांगितलं, आणि डोळे मिटून खालच्या आवाजात म्हणाली, "ग्लेंडा, त्या माणसाने माझ्या नवऱ्याचं नाव खाल्लं. मी त्याचं खाणार." डूख धरणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

कसं खाणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ते सापडलं गावच्या ग्रंथालयात. तिथे म्हाताऱ्यांसाठी संगणकाचे वर्ग चालत. बाकीच्यांनी नातवंडांचे फोटो शोधले, मेव्हिसने एव्हरार्ड लॅस्कम शोधला. तो सापडला लोकांनीच मिळून लिहायच्या एका मोठ्या ज्ञानकोशात. पुढच्या वेळी खुर्चीत बसली तेव्हा गाल तापलेले.

"ऐक," ती म्हणाली. "त्या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव एव्हरार्डच ठेवतात. सात पिढ्यांत सात एव्हरार्ड लॅस्कम. कोशात सातही जणांवर लेख आहेत. मग मथळे कसे द्यायचे?"

"मला काय ठाऊक? मान सरळ ठेव."

"पहिल्या सहांच्या मागे शेपूट आहे. एव्हरार्ड लॅस्कम, पहिला बॅरन थॉर्नगिल. एव्हरार्ड लॅस्कम, दुसरा बॅरन थॉर्नगिल. असं सहाव्यापर्यंत. आणि आपल्या साहेबांचा मथळा नुसता एव्हरार्ड लॅस्कम. बाकी काही नाही! जणू जगात दुसरा झालाच नाही."

"असं का?"

"नियम आहे. नाव घेतलं की बहुतेकांच्या मनात जो येतो, त्याला नुसतं नाव मिळतं. टीव्हीमुळे ते आपल्या साहेबांना मिळालंय. म्हणजे नाशपातींमुळे." तिने कापडाखालून बोट वर केलं. "आणि तसा कुणी एक नसेल, तर नुसतं नाव कुणालाच नाही. ते नाव शोधलं की यादी येते. सगळे एकाखाली एक, आधीचा आधी, नंतरचा नंतर."

"म्हणजे रांग," मी म्हणाले.

आरशात ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने माझा ओला हात धरला आणि म्हणाली, "रांगच की गं, ग्लेंडा."

त्या दिवसापासून तिचा बेत ठरला. दुसरी एखादी असती तर घरी जाऊन लगेच त्या लेखावर तुटून पडली असती, आणि लगेच हाकलली गेली असती. मेव्हिसने साहेबांच्या लेखाला बोटही लावलं नाही. तिने जुना संगणक घेतला, खिडकीशी मांडला, आणि इतरांचे ड्यूक आणि अर्ल निस्तरायला बसली. या देशात उमरावांची नावं म्हणजे एकाच शेंगेतले वाटाणे. बाप तोच, मुलगा तोच, पुतण्याही तोच. एकाची लढाई दुसऱ्याच्या नावावर, एकाची बायको तिसऱ्याच्या गळ्यात. ती माझ्या खुर्चीत बसून हिशेब द्यायची. "काल दोन मार्क्विस सोडवले. एकाच नावाचे मेले. कोशात एकजण स्वतःच्या आजीशी लग्न करून बसला होता." मी हसून हसून कुरळे करायची नळकांडी खाली पाडायची. तीही हसायची, पण डोळ्यांनी नाही.

तिथे प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं असतं. तिने घेतलं 'मागचं दार'. आणि स्वतःच्या ओळखीच्या पानावर पहिल्याच आठवड्यात लिहून टाकलं की मी हॉलच्या माळ्याची विधवा, थॉर्नगिल घराण्याबद्दल माझं मन साफ नाही, त्यांच्याविषयी मी काही म्हटलं तर पारखून घ्या.

"अगं, चोरी करायला जाताना कुणी पत्ता ठेवून जातं का?" मी म्हटलं.

"चोर तो. मी नाही. मला त्याची जिरवायचीय, तीही भर दुपारी, चौकात, सगळ्यांदेखत. उद्या कुणी म्हणता कामा नये की मेव्हिसने लबाडी केली."

वर्षं गेली. 'मागचं दार'चं तिथे वजन वाढलं. उमरावांच्या मथळ्यावरून कुणी भांडायला लागलं की लोक म्हणायचे, मागच्या दाराला विचारा. अधूनमधून ती तिसऱ्या बॅरनच्या लेखात भर घालत होती. हा तिसरा एव्हरार्ड म्हणजे घराण्याचं झाकून ठेवलेलं भांडं. हॉलच्या खिडकीतून तळं दिसावं म्हणून त्याने आमचं जुनं गाव पाडलं आणि लोकांना ऐन हिवाळ्यात दरीत हाकललं. हॉलची सहल घेतलीत तर तळं दाखवतात, गावाचं नाव काढत नाहीत. मेव्हिसने पुस्तकं धुंडाळली, एकेका वाक्याला आधार दिला, पदरचं काही घातलं नाही. घालायची गरजच नव्हती. हळूहळू शाळा त्यावर धडे घ्यायला लागल्या, वर्तमानपत्रांत लिहून आलं, तळ्यापाशी लोक जुन्या गावाच्या पायऱ्या शोधत फिरू लागले. मेलेला तिसरा जिवंत सातव्याच्या बरोबरीला येऊन बसला.

इकडे साहेबांना त्या नुसत्या नावाची चटक लागली होती. हे मला पक्कं ठाऊक, कारण बाईसाहेबांचे केसही मीच करायची. त्या पोकळ हसून सांगायच्या, "एव्हरार्ड न्याहारीच्या आधी ते पान उघडून बघतो. पाहुण्यांना म्हणतो, आमच्या घराण्यात सात झाले, पण एव्हरार्ड लॅस्कम म्हटलं की मीच." हॉलच्या चहाघरात त्या पानाची चौकट लावली होती. मी मेव्हिसला सांगितलं. तिने आल्याच्या केकचा मोठा तुकडा कापून माझ्या ताटलीत टाकला आणि म्हणाली, "लावू दे. चौकट जड आहे का? पडताना आवाज झाला पाहिजे."

मग एका वसंतात तिने प्रस्ताव मांडला. एव्हरार्ड लॅस्कम हे नुसतं नाव यादीला द्यावं, आणि सध्याच्या लॉर्डना इतर सहांसारखं शेपूट लावावं. कारणं लिहिली, आपलं मन साफ नाही हेही पुन्हा लिहिलं. तिथली रीत अशी की आठवडाभर चर्चा चालते, कुणीही येऊन आपलं म्हणणं मांडतो, आणि शेवटी त्यात न पडलेला कुणी तिऱ्हाईत कारणं वाचून निकाल देतो. डोकी मोजत नाहीत, कारणं तोलतात. आणि ज्याचा त्यात स्वतःचा स्वार्थ असेल त्याने तो सांगून बोलायचं.

पहिले दोन दिवस बरे गेले. मग तीन नवे लोक उगवले. एक स्कॉटलंडातले प्राध्यापक, एक बागांचे इतिहासकार, एक परदेशातली वाचक बाई. तिघांचंही म्हणणं एकच, की सातवे बॅरन हे या देशातल्या बागकामाचं भूषण आहेत, आणि हा प्रस्ताव एका चिडलेल्या मोलकरणीने आणला आहे. आणखी दोघातिघांचं मन डळमळलं. मेव्हिसचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाते की काय असं मलाही वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी ती भर दुपारी माझ्या दुकानात घुसली. वेळ घेतलेली नाही, अंगात घरातला झगा. वाळवणीच्या टोपाखाली पोस्टातली ऑड्री बसली होती, तिच्याकडे लक्षही न देता मेव्हिस म्हणाली, "ग्लेंडा, साहेब सही कशी करतात?"

"कसली सही?"

"कसलीही! तुझ्याकडे जत्रेचं आमंत्रण आलं होतं ना, त्यावर?"

"नुसतं थॉर्नगिल. लॉर्ड लोक तसंच करतात. स्वतःचं नाव नाही, आडनाव नाही, फक्त गादीचं नाव."

तिने एक कागद माझ्यापुढे धरला. स्कॉटलंडातल्या प्राध्यापकांचं लांबलचक भाषण छापून आणलं होतं. सातवे बॅरन किती थोर, किती साधे, वगैरे वगैरे. आणि भाषणाच्या तळाशी, पत्राखाली असावा तसा, एकच शब्द होता. थॉर्नगिल.

"जन्मभर प्रत्येक कागदाखाली तेच लिहिलंय गं त्याने," मेव्हिस म्हणाली. "बोटांनी आपोआप लिहून टाकलं!" आणि ती हसायला लागली. सायलस गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. ऑड्री टोप बाजूला करून ओरडली, "काय झालं? मलाही सांगा!" आम्ही सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार हे ठरलंच.

मेव्हिसने आरडाओरडा केला नाही. त्या भाषणाखाली तिने फार अदबीने एवढंच विचारलं, 'प्राध्यापकमहाशय, खालची सही कुणाची?' बस. कोशाच्या कारभाऱ्यांनी तपासलं. प्राध्यापक, इतिहासकार आणि परदेशातली बाई, तिघंही एकाच घरातून लिहीत होती. तिघांचंही म्हणणं रद्द झालं. आठवडा संपल्यावर कॅनडातल्या कुणी अनोळखी माणसाने निकाल दिला, की तिसरेही तेवढेच प्रसिद्ध आहेत, तेव्हा नुसतं नाव यादीला द्यावं. त्या दिवशी मेव्हिसने मला संगणकापुढे बसवलं आणि एव्हरार्ड लॅस्कम असं लिहायला लावलं. एकाखाली एक सात ओळी आल्या. तळाच्या ओळीत आमचे साहेब होते, शेपटासकट.

"बिस्किटांचा डबा द्यायचा राहिलाच," मेव्हिस म्हणाली.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला बातमी मिळाली. दारूच्या गुत्त्यात आठवडाभर कुणीही काहीही बोललं की शेवटी 'थॉर्नगिल' म्हणून सही करायची टूम निघाली. चहाघरातली चौकट उतरली. माझ्या मते इथे सूड संपायला हरकत नव्हती. पण साहेबांना राहवलं नाही.

मेव्हिसचा गुडघा धरला होता म्हणून मी तिच्या घरी जाऊन केस करत होते. डोक्यावर सगळी नळकांडी बसवून झाली होती. पुढचं दार वाजलं. मेव्हिसने खिडकीतून बघितलं, आणि बसथांब्यावरच्या आवाजात ओरडली, "मागच्या दाराने या!"

बाहेर पावलं वाजली. तिच्या मागच्या दाराला जायचं तर कचऱ्याच्या डब्यांमधून आणि शेजाऱ्याच्या कोबीतून जावं लागायचं. सातवे बॅरन थॉर्नगिल कोबीतून आले. विजारीला चिखल लागला होता. म्हातारे झाले होते, पण मी त्यांना खुर्ची दिली नाही. घर माझं नव्हतं, पण असतं तरी दिली नसती.

त्यांनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि उघडलं. नवी पितळी पाटी होती. 'सायलस औथवेट. ही बाग याने घडवली.'

"माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले. "बाकड्यावर ही पाटी लावतो. सगळ्यांना सांगतो की नाशपातीची भिंत त्याची. टीव्हीवरही सांगेन. तुम्ही फक्त तिथे एवढंच लिहा, की तुम्ही घाईने प्रस्ताव आणला. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे असं मला कळलं. मी फार दिवसांचा सोबती नाही. जाताना माझं नाव माझं असावं, एवढीच इच्छा."

मेव्हिसने लाल बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. सायलस. मग औथवेट. मग खालची ओळ, आणि पुन्हा सायलस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चर्चमध्ये आलं नव्हतं ते आलं. मी उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, घे, मेव्ह, घे, यासाठीच तर सगळं केलंस. तिने मान हलवली. "ठेवा," असं पुटपुटली.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टोपी उचलली, दाराकडे वळले, आणि फार मायेने म्हणाले, "मी आपला आभारी आहे, मिसेस थॉमस."

त्यांच्या लक्षातही आलं नाही. खरं सांगते, अजिबात लक्षात आलं नाही. मेव्हिसचं बोट पितळेवरून उठलं. तिने पाटी रुमालात नीट गुंडाळली, गुडघा धरून उभी राहिली, आणि ती त्यांच्या हातात दिली. आवाज अगदी खाली आलेला.

"घेऊन जा."

"अहो, पण नाव बरोबर आहे. तपासून कोरून घेतलंय."

"कोरणाऱ्याला येतं ते. तुमच्या तोंडात अजून थॉमसच आहे. जा, साहेब. आलात त्याच दाराने जा."

ते गेल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. "अगं वेडे, पाटी तरी ठेवून घ्यायचीस! बाकड्यावर अजून ते थॉमसच आहे ना!"

"त्यांनी दिलेलं नाव आम्ही जन्मभर वापरलं," ती म्हणाली. "आता सायलसचं स्वतःचं नावही त्यांच्या हातून घेऊ? तेही सौद्यात? केस कर तू."

पण माझं बोलणं तिला लागलं असावं. बाग लोकांना खुली असते त्या रविवारी तिने रीतसर तिकीट काढलं, मला सोबत घेतलं, बाकड्यापाशी गेली आणि पिशवीतून सायलसचा स्क्रू काढायचा पेचकस काढला. निम्मे स्क्रू काढून झाले तेवढ्यात मागे कुणी खाकरलं. नवा मुख्य माळी. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला. माझी तर गाळण उडाली.

"तू कोण?" मेव्हिसने उलट त्यालाच विचारलं.

"इथला थॉमस."

"घरी काय म्हणतात?"

त्याने टोपी मागे सारली. "ड्यूगल."

"मग हे स्क्रू धर, ड्यूगल. गवतात पडले तर तुझंच गवत कापायचं यंत्र मोडेल."

त्याने तळहात पुढे केला. पाटी आणि स्क्रू मेव्हिसच्या पिशवीत गेले. बाकड्यावर नुसती भोकं उरली. पुढे ड्यूगल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की हे सायलस औथवेटचं बाकडं, हातगाडी ढकलत गेला तो. हॉलवर कुणी काही विचारलं नाही.

ती जुनी पाटी मेव्हिस टाकून देईल असं मला वाटलं होतं. तिने ती चहाच्या डब्यामागे ठेवली. "असू दे. ज्याची आहे त्याला द्यायचीय," एवढंच म्हणायची. मी नाद सोडला.

दोनेक वर्षांनी लॉर्डसाहेब वारले. बिशप आले, घोडे आले, टीव्हीवाले आले. मुलगा गादीवर बसला, तोही एव्हरार्ड. मेव्हिसने दुपारी संगणक उघडून सातव्या ओळीत मृत्यूचं साल भरलं आणि खाली आठवी ओळ जोडली. अक्षर न् अक्षर बरोबर, कुठे खोच नाही, कुठे टोमणा नाही. मग म्हणाली, "चल, जरा चर्चच्या कबरस्तानात जाऊन येऊ."

नव्या थडग्यावर दगड बसायला वेळ लागतो, माती खाली बसावी लागते. तोवर डोक्याशी लाकडी फळी असते, तिच्यावर नावाचा कागद चिकटवलेला. फुलांचे ढीग पडले होते, माणूस एकही नव्हतं. मेव्हिस गुडघा सांभाळत खाली बसली, पेचकस काढला, आणि ती पितळी पाटी त्या कागदावर ठेवून चारही कोपरे घट्ट आवळले. थॉमस, एक निष्ठावान माळी. मी तिला उठायला हात दिला. तिने अंगावरची माती झटकली आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

मला वाटलं, उद्या सकाळी बोंब होणार. काही झालं नाही. हॉलवरून त्या थडग्याकडे कुणी फिरकलंच नाही, ना मुलगा, ना बाईसाहेब, ना कारभारी. फुलं सडली, पाऊस झाला, बर्फ पडून गेला. पाटी तशीच, पुढच्या उन्हाळ्यात दगडवाले येईपर्यंत. चर्चला येणारे परगावचे लोक तिथे थांबायचे आणि विचारायचे, हा थॉमस कोण. मी सांगायची, हॉलवरचा होता कुणीतरी.